फॅरलॉनवर धक्का नाही

२९ डिसेंबर

पहिलं पिल्लू आज जन्मलं. दक्षिणेच्या वाळूच्या पट्टीवर, सकाळी साडेनऊच्या सुमाराला. काळंभोर, अंगभर सुरकुत्या, आणि ओरडणं कुत्र्यासारखं. आन्याने दुर्बीण माझ्या हातात दिली आणि स्वतः डोळे पुसत बसली. चार हिवाळे ती इथे हत्तीसीलवर काम करतेय, तरी पहिल्या पिल्लाला दर वर्षी रडते म्हणाली.

म्हणून वही उघडली. महिनाभर नुसते तक्तेच भरतेय.

आई सांगलीहून फोनवर विचारते, बेटावर बाजार कुठे भरतो? तिला किती वेळा सांगितलं, इथे फक्त आम्ही तिघं. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलापासून सत्तावीस मैल समुद्रात फॅरलॉनचे ग्रॅनाइटचे सुळके, जुने खलाशी त्यांना सैतानाचे दात म्हणायचे. त्यातल्या सगळ्यात मोठ्या बेटावर दीपगृहाच्या रखवालदारांसाठी बांधलेली दीडशे वर्षांची दोन लाकडी घरं, आणि त्यातल्या एकात आम्ही. दीपगृह आता आपोआप चालतं. पावसाचं पाणी साठवून पितो. लोकांना इथे यायला बंदी आहे, आणि यायचं म्हटलं तरी सोपं नाही, कारण बेटाला धक्काच नाही. सगळीकडे उभा कडा. कड्यावर एक क्रेन आहे. होडी खाली लाटांवर नाचत राहते आणि माणसं, भाजी, गॅस, सगळं जाळीच्या पिंजऱ्यातून वर-खाली होतं.

क्रेन सुमंतकाका चालवतात. वय सदुसष्ट. पुण्याचे मेकॅनिकल इंजिनिअर, सनीव्हेलला चिपच्या कंपनीत तीस वर्षं काढून रिटायर झालेले. दोन वर्षांपूर्वी तिथल्या महाराष्ट्र मंडळात मी या बेटांवर स्लाइड्स दाखवल्या, तेव्हा शेवटच्या रांगेतून त्यांनी एकच प्रश्न विचारला होता: क्रेन कुठल्या सालची? पुढच्या हिवाळ्यात स्वयंसेवक म्हणून हजर. म्हणजे त्यांना इथे मीच आणलं.

आणि या वर्षी मी टीम लीडर. पहिल्यांदाच. काका मला लीडर मानतात की नाही, कळत नाही.

३ जानेवारी

आज सामानाची होडी यायची होती, लाटांमुळे कॅन्सल झाली. पुढची पंधरा दिवसांनी.

काकांशी वाजलं. १४ डिसेंबरला मी क्रेन चालवत असताना पिंजरा होडीच्या कठड्यावर आपटला होता आणि कठडा तडकला. माणूस नव्हता आत, कांदे-बटाटे होते. तेव्हापासून मी लिव्हरला हात लावलेला नाही. आज जेवताना काका म्हणाले, उद्यापासून रोज एक तास प्रॅक्टिस. मी म्हणाले, माझ्याकडे सील मोजायचं काम आहे, क्रेनला तुम्ही आहात ना. तर म्हणतात, "मी नसलो तर?" आन्याचा खांदा मागे एकदा निखळलाय, तिला लिव्हर ओढता येत नाही, हे त्यांनी तिच्यासमोरच सांगितलं.

लीडर मी आहे. वेळापत्रक मी ठरवते. पण हे तोंडावर बोलायला जमलं नाही. "बघू" म्हणून उठले.

५ जानेवारी

पिल्लं एकवीस.

प्रॅक्टिस केली एकदाची. पाण्याचं पिंप पिंजऱ्यात ठेवून खाली सोडायचं, लाटेला टेकवायचं, वर घ्यायचं. काका मागे उभे राहून एकच वाक्य घोकतात: लाट चढताना सोडू नकोस, वर येऊन थांबली की सोड, आणि टेकलं की लगेच दोर सैल दे. सैल दिला नाही तर होडी खाली जाते आणि पिंजरा हवेत हिसका खातो.

मला लाटेचं थांबणं दिसत नाही. मला वाटतं ती थांबतच नाही.

६ जानेवारी

काका आज मोजणीला टेकडीवर आले नाहीत. पोट बिघडलंय म्हणाले, कालची राजमा-करी जड गेली. दुपारी जेवले नाहीत. मी केलेली राजमा-करी. आन्याने आणि मी तीच खाल्ली, आम्हाला काही झालं नाही. स्पष्ट सांगावं की रुसलोय.

संध्याकाळी रेखाकाकूंचा फोन आला. त्या भूलतज्ज्ञ होत्या, आता रिटायर्ड. आठवड्यातून दोनदा वाय-फायवर फोन करतात. काकांनी हातानेच खूण केली, नाही म्हणून सांग. मी सांगितलं, काका खाली जनरेटर बघतायत. नवरा-बायकोच्या भांडणात मला का ओढतात?

एकदा मी काकांना गमतीत म्हणाले होते, हे बेट पॅसिफिकच्या प्लेटवर आहे, दक्षिणेकडून कोट्यवधी वर्षं सरकत इथवर आलंय, आणि तुमचं सनीव्हेलचं घर दुसऱ्या प्लेटवर. म्हणजे तुम्ही आणि काकू दर वर्षी दोन बोटं लांब जाताय. ते हसले नव्हते.

७ जानेवारी

आज कहर झाला. सकाळी बोचरा वारा, मी नको म्हणत होते, तर काकांनी दोन तास क्रेनवर उभं केलं. स्वतः मात्र लाकडी खोक्यावर बसून, गुडघे पोटाशी घेऊन. उठून एकदाही दाखवलं नाही. नुसतं ओरडणं. परत. परत. अजून एकदा. चौदाव्या वेळी पिंप नीट टेकलं आणि मी वळून पाहिलं, तर ते माझ्याकडे बघतही नव्हते. खाली मान घालून बसले होते. दात आवळलेले.

परत येताना चढावर तीनदा थांबले. मी पुढे निघून गेले. राग आला होता. हे लिहिताना जरा वाईट वाटतंय, पण तेव्हा आला होता.

रात्रीचं जेवण पुन्हा नाही. चहा तेवढा.

८ जानेवारी

आज काका छान होते. सकाळीच म्हणाले, बरं वाटतंय, एकदम हलकं. चेहऱ्यावर लाली आली होती. मला इतकं सुटल्यासारखं झालं की मी शिरा केला. दोन चमचे खाल्ला त्यांनी.

बाहेर धुकं आणि पाऊस, म्हणून दिवसभर घरातच. काका शेकोटीजवळ पांघरूण घेऊन बसले आणि बेटाच्या जुन्या गोष्टी सांगत होते. इथलं सगळं वाचून काढलंय त्यांनी. सोन्याच्या शोधात सॅन फ्रान्सिस्को माणसांनी भरलं तेव्हा कोंबड्या पुरेनात, म्हणून लोक इथून समुद्रपक्ष्यांची अंडी नेत. लाखो अंडी. त्या अंड्यांवरून १८६३ साली इथे गोळीबार झाला, दोन माणसं मेली. पक्षी तर जवळजवळ संपलेच.

मग त्यांनी दीपगृहाच्या रखवालदाराची गोष्ट सांगितली. १८९८ चा नाताळ. त्याचा अकरा वर्षांचा मुलगा आजारी पडला, बोट यायला तयार नाही, समुद्र खवळलेला. शेवटी आईबापांनी मुलाला छोट्या उघड्या होडीत घातलं, तान्ही मुलगी बरोबर घेतली, आणि वादळात निघाले. पोचलेही. पण मुलगा वाचला नाही.

मी विचारलं, आज हेच का आठवलं? ते म्हणाले, "याच घरातले ना ते. समज, तेव्हा हेलिकॉप्टर असतं आणि जानेवारी असता. तू बोलावलं असतंस?"

मंडळातल्या भाषणात मी सांगितलं होतं की जानेवारीत इथे हेलिकॉप्टर उतरलं तर हत्तीसील बिथरतात, दोन-दोन टनांचे नर धावत सुटतात आणि पिल्लं चिरडतात. त्यांना ते नीट आठवत होतं. मी प्रामाणिक उत्तर दिलं. मी म्हणाले, विचार करावा लागला असता.

ते बराच वेळ मान हलवत राहिले. मला बरं वाटलं. आपण लीडरसारखं बोललो असं वाटलं.

९ जानेवारी

लिहिते, जसं झालं तसं.

सकाळी काका उठलेच नाहीत. थंडी वाजतेय म्हणाले. हात लावला तर चटका बसावा इतका ताप. फ्लू असेल असं मी धरून चालले. गोळी दिली आणि आन्याबरोबर पिल्लं मोजायला गेले. सदतीस.

दोन वाजता काकूंचा फोन. या वेळी मी खोटं बोलले नाही, पण तक्रार केली. काका ऐकत नाहीत, रुसून बसतात, आता ताप काढलाय.

काकूंनी विचारलं, "जेवतो का?"

"नाही हो. तीन दिवस नुसता चहा. पोट बिघडलंय म्हणतात."

"चालतो कसा?"

"वाकून. चढावर थांबत थांबत." आणि मग मी म्हणाले, "पण काल बरे होते काकू. काल एकदम हलकं वाटतंय म्हणाले, गप्पा मारल्या."

काकूंनी मला मधेच थांबवलं.

"वल्लरी, परवापर्यंत दुखत होतं आणि काल अचानक थांबलं?"

"हो."

"फोन घेऊन त्याच्या खोलीत जा. आत्ता. जिना चढताना बोलू नकोस, श्वास पुरवून ठेव."

त्यांनी सांगितलं तसं केलं. काकांना उताणं झोपवलं. बेंबीच्या उजवीकडे खाली, हळूहळू दाबायचं आणि एकदम हात काढायचा. पोट फळीसारखं घट्ट होतं. हात काढला तेव्हा त्यांच्या तोंडून जो आवाज आला तो मी माणसाच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. काकूंनीही ऐकला. त्या शांतपणे म्हणाल्या, अपेंडिक्स फुटलंय, बहुधा कालच. काल बरं वाटलं ते त्यामुळेच. आता पोटभर पू पसरतोय. तोंडाने काही द्यायचं नाही, औषधांच्या पेटीतलं अँटिबायोटिकचं इंजेक्शन कुठलं आणि किती, ते सांगते, लिहून घे. आणि त्याला आजच्या आज बेटावरून काढा.

काका डोळे न उघडता म्हणाले, "हेलिकॉप्टर नको. सामानाची होडी येईल तेव्हा जाईन."

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"वाटत होतं. पिल्लं जरा मोठी होईपर्यंतचे तीन आठवडे काढले असते तर..."

पुढचं त्यांना बोलता आलं नाही. सात तारखेला खोक्यावर बसून दोन तास ओरडणारा माणूस मला तेव्हा दिसला. मी चढावर पुढे निघून गेले होते.

खाली आले. आन्याला सांगितलं. आणि आता जे लिहिते ते कुणालाच सांगितलेलं नाही. रेडिओ समोर होता आणि मी एक मिनिट थांबले. एक पूर्ण मिनिट. सदतीस, असा आकडा डोक्यात होता. खिडकीतून वाळूची पट्टी दिसत होती. आन्या, जिची चार वर्षं त्या पट्टीवर गेली आहेत, तिने माझ्या हातातून माइक घेतला आणि कोस्ट गार्डला हाक दिली.

हेलिकॉप्टर चार वाजून दहा मिनिटांनी आलं. तोवर ढग टेकडीच्या कमरेपर्यंत उतरले होते, दीपगृह दिसत नव्हतं. आवाज आधी उत्तरेकडून आला, मग गेला, मग दक्षिणेकडून खूप खाली. ढगाला तिथे एक फट होती, त्यातून ते वाळूच्या पट्टीवरून आत आलं. पायलट जे करता येईल ते करत होता, मला रेडिओवर ऐकू येत होतं. उतरायच्या जागेपासून शंभर फुटांवर ढग मिटला. त्याला वर जावं लागलं. पुन्हा एकदा प्रयत्न केला. मग सांगितलं, होत नाही. दोन वादळांच्या मधे उद्या सकाळी वारा पडेल, ढग मात्र हटणार नाही. पहाटे लाइफबोट निघेल. तुमच्याकडे क्रेन चालवणारं कोण आहे?

मी म्हणाले, मी.

पट्टीकडे मी गेले नाही. आन्या गेली. परत आली तेव्हा तिने नुसती चार बोटं दाखवली आणि भांडी घासायला लागली.

१० जानेवारी

साडेसातला लाइफबोट कड्याखाली आली. वारा पडला होता, पण लाटा दहा-बारा फुटांच्या, राखाडी, लांबच लांब. बोट एकदा माझ्या पायाखाली आल्यासारखी वाटायची आणि एकदा विहिरीत गेल्यासारखी.

काकांना आम्ही स्ट्रेचरला बांधून जुन्या रुळांवरच्या गाडीतून खाली आणलं. पूर्वी ही गाडी खेचर ओढायचं. आज मी आणि आन्या. काका काही बोलत नव्हते. मधे एकदा त्यांनी डोळे उघडले आणि क्रेनकडे पाहिलं, माझ्याकडे नाही. मग पुन्हा मिटले. स्ट्रेचर पिंजऱ्याला आडवं बांधलं. गाठी मी बांधल्या, आन्याने तपासल्या, मी परत तपासल्या.

आन्या कड्याच्या टोकाशी हाताच्या खुणा करायला उभी राहिली. मी लिव्हर धरला.

आज मागून ओरडायला कोणी नव्हतं. ते ओरडणं किती हवंहवंसं वाटलं. पिंजरा उचलला, कड्याबाहेर नेला, खाली सोडत नेला. बोटीवरची तीन माणसं हात वर करून उभी. वीस फूट. दहा. तेवढ्यात उलटी लाट कड्यावर आपटून आली आणि बोट सरकली, पिंजऱ्याखाली नुसतं पाणी. मी पिंजरा वर ओढला. जरा जास्तच जोरात ओढला. स्ट्रेचर झुललं, आणि काकांचा हात बांधलेल्या पट्ट्यातून सुटून बाहेर लोंबला. ब्रेक लावून उभी राहिले. झुलणं थांबेपर्यंत थांबायचं होतं, आणि त्या वेळात मला वाटलं की लिव्हर सोडून पळून जावं. खरंच वाटलं.

बोट फिरून परत आली. मी लाटा मोजल्या नाहीत, नुसत्या बघत राहिले. दोन मोठ्या जाऊ दिल्या. तिसरी आली तेव्हा ती चढली, चढली, आणि वर आल्यावर क्षणभर कुठेच जात नव्हती. पहिल्यांदा दिसलं मला. सोडलं. टेकलं. दोर सैल. बोट खाली गेली आणि पिंजरा तिच्याबरोबर गेला. तीन माणसांनी त्याला मिठी मारली होती.

हुक सुटल्याची खूण आन्याने केली, तरी मी लिव्हर धरूनच उभी होते. तिने येऊन माझी बोटं एकेक करून सोडवली.

लाइफबोट पूर्वेला धुक्यात दिसेनाशी झाली. काकूंना फोन केला. म्हणाल्या, "शुद्धीवर होता?" मी म्हणाले, माहीत नाही. म्हणाल्या, बरं, मी हॉस्पिटलमध्ये निघतेय, ड्राइव्ह करताना फोन घेणार नाही.

१२ जानेवारी

ऑपरेशन झालं. आतड्याचा थोडा भाग काढावा लागला. व्हेंटिलेटरवर आहेत. काकूंचा मेसेज तीन ओळींचा, सगळी वैद्यकीय भाषा. शेवटी: पुढचे चार दिवस महत्त्वाचे.

आम्ही दोघी काम करतोय. टेकडीवर चढतो, मोजतो, उतरतो. बोलत नाही फारसं.

१६ जानेवारी

व्हेंटिलेटर काढला.

आन्याला सांगितलं तेव्हा ती बर्फासारखी थंड दुधाची बाटली हातात धरून उभी होती. तशीच खाली बसली.

१८ जानेवारी

सामानाची होडी आली. पिंजऱ्यातून एक माणूस वर घेतला, क्रेनचा नवा स्वयंसेवक, पुरुषोत्तम नावाचा, फ्रेमाँटचा. वर येऊन म्हणाला, फार सॉफ्ट लँडिंग केलंत. मी म्हणाले, थँक यू. आत जाऊन ओकले.

१ फेब्रुवारी, सॅन फ्रान्सिस्को

दोन दिवसांची सुट्टी घेऊन किनाऱ्यावर आले. आधी हॉस्पिटल.

काका निम्मे झालेत. गळ्याची हाडं दिसतात. काकू खिडकीशी खुर्चीत, मांडीवर विणकाम, पण विणत नव्हत्या. मला बघून उठल्या नाहीत, नुसतं बस म्हणाल्या.

काकांनी पहिला प्रश्न तोच विचारला. आवाज अजून खरखरीत आहे.

"पिल्लं?"

वाटेत होडीत ठरवलं होतं की सांगायचं नाही. सगळी ठीक आहेत म्हणायचं. पण तोंडातून खरं निघालं. हेलिकॉप्टर आलं होतं, उतरू शकलं नाही, चार गेली.

त्यांनी मान फिरवली. उशीकडे. खांदे हलत होते, टाके होते म्हणून जपून हलत होते. मी काकूंकडे पाहिलं. त्या माझ्याकडे नाही, काकांच्या पाठीकडे बघत होत्या.

"चार," काकू म्हणाल्या. "मी चारशे दिली असती, सुमंत. या पोरीला सांगायचं तरी होतंस."

मग काकांनी विचारलं, रेकॉर्डमध्ये कारण काय लिहिलंस. मी सांगितलं, तिथे ठरलेला शब्द आहे, मानवी व्यत्यय. ते म्हणाले, "नाव लिही. माझं लिही. तीन दिवस आधी बोललो असतो तर ढग नव्हते, समुद्रही बरा होता. होडीनेच गेलो असतो."

हे खरं आहे. सहा तारखेला समुद्र बरा होता. मी हवामानाच्या नोंदी काढून पाहिल्यात, एकदा नाही, चारदा. पण सहा तारखेला ते जेवले नाहीत हेही मी पाहिलं होतं, सात तारखेला चढावर थांबले हेही. मी म्हणाले, "मग दोन नावं लिहावी लागतील काका."

ते वळले. माझ्याकडे बघत राहिले. नाही म्हणाले नाहीत. मला वाटलं होतं म्हणतील.

काकू मला लिफ्टपर्यंत सोडायला आल्या. म्हणाल्या, चाळीस वर्षं ऑपरेशनच्या टेबलावरच्या प्रत्येक माणसाला मी विचारलं, कुठे दुखतंय. घरातल्याला कधी विचारलं नाही, कारण तो नाहीच म्हणणार हे माहीत होतं. मग त्यांनी माझा उजवा हात हातात घेतला, उलटा-सुलटा केला, तळव्यावरचे फोड पाहिले. वाळत आले होते. म्हणाल्या, याला काहीतरी लावत जा.

लिफ्ट आली. मी आत गेले. दार मिटेपर्यंत त्या तिथेच उभ्या होत्या.

उद्या सकाळी सातला होडी आहे. क्रेनवर पुरुषोत्तम असेल, मी पिंजऱ्यात.